बोलवायचा कोंबडा

म्हसा

म्हशाच्या जत्रेला मी गेलो होतो बैलांचे फोटो काढायला. नाशकात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, पासपोर्ट आणि लग्नाळू मुलींचे कुंडीशेजारी उभं राहून काढलेले फोटो, हा माझा धंदा. वीस वर्षं मी 'हसा' म्हटलं की माणसं हसत आली आणि 'मान थोडी वर' म्हटलं की मान वर करत आली. त्यामुळे स्वभाव जरा चढेल झालेला. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यानं तो बऱ्यापैकी जाग्यावर आणला. कसारा घाट उतरताना ज्यांनी हे डोंगर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिले, त्यांच्यासाठी ती हकीकत लिहितो आहे.

पौषातली जत्रा. धूळ, जिलबीच्या कढया, घोंगड्यांचे ढीग आणि शिंगं रंगवलेले बैल. बैलांचा एक रोल संपवून मी सावलीला आलो, तर चिंचेखाली एक म्हातारा काखेत कोंबडा घेऊन बसला होता. अंगानं तांबडा, पण शेपटीत कुठेतरी राखी झाक आणि नजर सरळ चोराची. माझ्यादेखत दोघांनी त्याची किंमत विचारली.

"इकायचा नाय," म्हातारा म्हणाला.

"मंग जत्रंत कशाला आणलास?"

"त्याला जत्रा बगायची व्हती."

मला हसू आलं. मी शेजारी टेकलो, विडी पुढे केली. त्यांचं नाव पदू. शेणव्याच्या पुढे डोंगरावर त्यांचा पाडा. कोंबड्याचं काम काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, गळ्यातल्या कॅमेऱ्यावर नजर थांबवली आणि म्हणाले, "ह्यो बोलवायचा कोंबडा हाय."

रानकोंबडा भारी अहंकारी. आपल्या हद्दीत दुसरा नर आरवला की त्याला राहवत नाही, भांडायला येतो. म्हणून पूर्वी त्यांच्याकडे पाळीव कोंबडा रानात नेऊन एका पायानं बांधत आणि भोवती दोऱ्याचे फासे मांडत. रानातला पठ्ठ्या भांडायच्या नादात फाशात पाय घालायचा. पाय अडकला की झाडामागून झेप टाकून त्याला धरायचं. झेपेला क्षणाचा उशीर झाला की दोरा तोडून तो पसार.

"आता नाय करत," पदूबाबा म्हणाले. "बंदी हाय. आनि नुसती बंदी म्हनून नाय."

दुसरं कारण त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. सांगितली ती रानकोंबड्याची मान. काळ्या-राखी पिसांवर पिवळे-पांढरे ठिपके, एकेका पिसाच्या टोकाला मेणाचा थेंब पडून गोठावा तसे. हे सांगताना त्यांचा हात स्वतःच्याच मानेवरून फिरत होता. मी तिथल्या तिथे ठरवलं की हा फोटो आपण काढायचा. मुंबईला एक मोठी छायाचित्र स्पर्धा व्हायची होती. लग्नाचे फोटो काढून कोणी नाव काढत नाही.

बाबांनाही माझी गरज होती, हे मला मागाहून कळलं. काखेत असला कोंबडा घेऊन रानात शिरणाऱ्या पाड्यातल्या माणसाला कुणीही हटकतं. बरोबर कॅमेरेवाला असला तर कुणी काही विचारत नाही. "होळीनंतर या," ते म्हणाले. "पावसाच्या आत. पावसाळ्यात त्याच्या मानंची पिसं गळतात. मान गेली का त्यो आरवत नाय, गप ऱ्हातो."

शेणव्याच्या पुढे

होळीनंतरच्या पहिल्या खेपेला मी एस.टी.तून फाट्यावर उतरलो तो साहेबासारखा. पांढरा शर्ट, डोक्याला वासाचं तेल, लांब पल्ल्याची नवी लेन्स. दीड तास चढून पाड्यात पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटून बसला. नाशकात उन्हाळा असतो तो कोरडा. इथे उन्हाला घामाची जोड असते.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग 'काय काम काढलंत?' इथे आधी भाकरी, आणि कामाचं बोलणं जेवल्यावर. बाबांच्या पत्नी चांगीबाय यांनी पुढ्यात नागलीची भाकरी ठेवली. वर सुकट, कांदा आणि मिठाला लावलेली कैरी. नागली आमच्याकडेही होते, पण ती एवढी पातळ थापणारी बाई मी पाहिली नव्हती. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. चांगीबाय बाबांना म्हणाल्या, "फोटोवाला भाऊ रानात बसंल का झोपंल?"

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी आम्ही डोंगराच्या धारेवर पोचलो. तिथे मधोमध फुटलेला एक मोठा धोंडा आहे, त्याच्यापुढे बांबूचं बेट आणि थोडी मोकळी जागा. पंधरा पावलांवर पळसाच्या फांद्यांचा आडोसा करून आम्ही बसलो. मोकळ्या जागेत तांबडा, एका पायानं खुंटीला बांधलेला. बाबांनी स्वतःची बंडी काढून घडी केली, माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं आणि काही न बोलता आपलं काळं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं.

तांबडा आरवला. मग बाबांनी दोन बोटांनी पाचोळा उकरायला सुरुवात केली. दोनदा खरवडायचं, थांबायचं, परत एकदा. ऐकणाऱ्याला वाटावं, कोंबडा चरतोय. मी विचारलं, "हे कशाला?" त्यांनी डोळे वटारले. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही बसलो. आला तो एक मुंगूस आणि असंख्य मुंग्या, त्याही माझ्याच पायजम्यात.

उतरताना बाबा म्हणाले, "तुमच्या डोसक्याच्या तेलाचा वास आमच्या पाड्यापत्तर गेला आसंल."

गावठी

पाडव्यानंतर पुन्हा गेलो, डोक्याला तेल न लावता. या खेपेला बाबांना ताप होता. मी एकटाच खालच्या ओहोळाकडे जाऊन बसलो, आणि काय सांगू, तासाभरात समोर आला! झाडीतून निघाला, ऐटीत मान वळवली, उन्हात उभा राहिला. मी अख्खा रोल संपवला. बाबांना न सांगताच, त्यांना फोटोच नेऊन दाखवायचा असं ठरवून मी नाशिक गाठलं.

आमच्या गल्लीत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. फोटो धुऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेले. त्यांनी चष्मा पुसला, एक एक फोटो पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "हा गावठी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या तरी घरचा. पायात दोऱ्याचा तुकडा दिसतोय बघा."

खरंच होता. छत्तीस फोटोंत छत्तीस वेळा. मी रानात जाऊन कुणाच्या तरी रविवारच्या जेवणाचे फोटो काढून आणले होते.

प्राध्यापक वाईट माणूस नाही, पण त्यांना धडा पुरा करायची सवय आहे. ते म्हणाले, "तुम्ही वेळ घालवू नका. त्या धारेवर रानकोंबडा उरलेला नसणार. तिथल्या लोकांनी फासे लावून खाऊन संपवला असेल."

घरी बायकोनं फोटो पाहिले. एव्हाना मी अक्षयतृतीयेच्या दोन लग्नांना नकार कळवला होता. ती म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ते हेच. आणि पळता तरी कोण, तर कोंबडा!"

बाबांनी सांगितलं ते

माझी जीभ माझ्या ताब्यात नसते. तिसऱ्या खेपेला, जेवणं झाल्यावर, गावठी कोंबड्याची गोष्ट सांगून मी दोघांनाही खूप हसवलं आणि त्याच भरात प्राध्यापकांचं वाक्यही सांगून टाकलं. खाऊन संपवला असेल.

बाबांचं हसू गेलं. चांगीबाय उठून भांडी घासायला गेल्या. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं, पण गेलेला शब्द परत येत नाही.

अंगणात तांबडा टोपल्याखाली होता, त्याच्याकडे बघत बाबा बोलले.

"तुमचा मास्तर खोटा नाय बोलत, भाऊ. आमी खाल्ले. माझ्या बापानं खाल्ले, मी खाल्ले. पन कोंबडा धरायचा, कोंबडी नाय. ह्यो आमचा कायदा. कोंबडा गेला तर दुसरा येतो. एका वर्सी चैतात फाशात कोंबडी गावली. मी झेप टाकली नि धरली. धरल्यावर कळला का कोंबडी हाय. सोडली आसती तर... पन पाय मोडला व्हता तिचा."

ते थांबले.

"दुसऱ्या दिशी धारंवरच्या त्याच बांबूच्या बुडाशी अंडी बगितली. पाच. गार पडलेली. चांगीनं घरच्या कोंबडीखाली ठेवली. चार नासली, एक निगाला. ह्या तांबड्याचा बाप त्यो. तवापासनं फासे वर खोचून ठेवलेत. आनि दोन वर्सं झाली, धारंवर आवाज नाय. मला बगायचाय, हाय का गेला. गेला आसंल तर माज्याच हातानं गेला."

म्हणजे मी आलो होतो स्पर्धेसाठी, आणि हा माणूस पहिल्या खेपेपासून आपला निकाल ऐकायची वाट पाहत होता. मला स्वतःची फार लाज वाटली. ती रात्रभर पुरली आणि सकाळी पुन्हा लेन्स पुसताना कमी झाली, हेही खरं आहे.

त्या सकाळी आवाज आला.

तांबडा दोनदा आरवला आणि तिसऱ्यांदा आरवायच्या आत धारेच्या पलीकडून उत्तर आलं. गावठी कोंबड्यासारखं लांबलचक नव्हे. कुक्... कय्या-कय्या... कुक्. शेवट असा तुटका, की कोणी बोलता बोलता तोंडावर हात ठेवला असावा. बाबांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की कॅमेरा उचलता येईना. मग ते सोडून त्यांनी पाचोळा उकरायला घेतला. दोनदा, थांब, एकदा. आवाज जवळ आला. बांबू हलला. राखी काहीतरी सरकलं आणि मग तो उघड्यावर आला.

बाबांनी म्हशाला सांगितलेलं सगळं खरं होतं. मान तशीच, मेणाच्या थेंबांची. एक पंख खाली सोडून तो तांबड्याभोवती तिरका तिरका चालला. मी त्याची मान चौकटीत घेतली, बटण दाबलं, आणि त्याच क्षणी चौकट काळी झाली.

पदूबाबांनी झेप टाकली होती.

फासे नव्हते, धरायचं नव्हतं, कशाचीच गरज नव्हती. पण कोंबडा त्या जागी आला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं ते उठले. ते पालथे पाचोळ्यात, तांबडा ओरडत खुंटीभोवती फिरतोय आणि रानातला पाहुणा कुठल्या कुठे.

मी रागावलो. वयाचा मान न ठेवता रागावलो. "बाबा, हे काय केलंत तुम्ही? महिना झाला! महिनाभर मी..." ते उठून बसले. हात पुढे धरून त्या हातांकडेच पाहत राहिले. "मी नाय उठलो," ते म्हणाले. "हेच उठले."

घरी आल्यावर चांगीबाय एवढंच म्हणाल्या, "जित्याची खोड." पुढची म्हण त्यांनी पुरी केली नाही.

रोल धुतला. फोटोत एक उघडी पाठ आहे, हललेली, धूसर, दोन्ही हात पसरलेले, आणि डाव्या कोपऱ्यात राखी रंगाचा एक फराटा. तो फराटा म्हणजे कोंबडा, हे मी सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

एकट्याची खेप

चौथ्या खेपेला बाबा आलेच नाहीत. "तुमी तांबड्याला घ्या नि जा," म्हणाले. "माजा भरवसा नाय." चेहरा पडलेला. गेल्या खेपेला मी जे बोललो ते त्यांच्या मनात होतं, आणि माझ्याही. माफी मागावी असं वाटत होतं, पण आमच्या पिढीच्या पुरुषांना तेवढं एक काम कुणी शिकवलेलं नाही. मी चहा-साखरेचा पुडा चांगीबायच्या हातात दिला आणि कोंबडा काखेत मारून निघालो.

तांबडा माझ्यासाठी आरवला नाही. एकदाही नाही. खुंटीला बांधल्याबरोबर तो खाली बसला आणि जावयानं सासुरवाडीत बसावं तसा रुसून माझ्याकडे पाहत राहिला. मी दोन बोटांनी पाचोळा उकरला. नखात काटा गेला. मी हळूच "आरव रे बाबा" म्हटलं. शेवटी, भोवती कोणी नाही याची खात्री करून, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः आरवलो. तांबड्यानं मान फिरवली. वरच्या पायवाटेनं मोहाची फुलं वेचायला निघालेल्या दोन बाया थांबल्या, आडोशाकडे टक लावून पाहत राहिल्या आणि पदर तोंडात धरून पळाल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या पाड्याला झाली.

एक चांगलं झालं. ती बातमी ऐकून बाबा हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "परत कवा येता?"

फासा

शेवटची खेप मे अखेरची. करवंदं काळी पडली होती, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते. आता आठ-दहा दिवसांत त्या कोंबड्याची मान उतरायला लागणार आणि तो गप होणार. नंतर थेट पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षापर्यंत बाबांचे गुडघे ती धार चढतील असं कोणीच म्हणत नव्हतं.

निघताना बाबांनी घराच्या वळचणीत हात घातला आणि फाशांची जुनी जुडी काढली. दोरे काळपट पडले होते. चांगीबाय दारात ताठ झाल्या. "काय करतोस रं?" त्यांनी विचारलं. एक दोरा सोडवून बाबांनी तो कमरेला गुंडाळला आणि बाकीची जुडी परत खोचली.

आडोशात बसल्यावर त्यांनी तो दोरा माझ्या हातात दिला आणि उजवा पाय पुढे केला. "बांदा," म्हणाले. "त्या मुळीला. घट."

"बाबा, अहो..."

"बांदा, भाऊ. तांबडा बांदलाय, मंग मला काय झाला?"

मी बांधला. गाठ त्यांनीच सांगितली कशी मारायची, जितकं ओढावं तितकी आवळणारी. बांधताना मी मान खाली घातलेलीच ठेवली आणि म्हणालो, "त्या दिवशी मी फार बोललो, बाबा." ते म्हणाले, "मी आइकलाच नाय. माझा ध्यान कोंबड्याकडं व्हता." माझी माफी अशी मिळाली.

उजाडलं. तांबडा आरवला, त्यांच्यासाठी आरवायला तो एका पायावर तयार असे. उत्तर नाही. बाबा पाचोळा उकरत होते. ऊन बांबूच्या शेंड्यावर आलं, खाली उतरू लागलं, तरी उत्तर नाही. मी बाबांकडे पाहिलं. बोटं चालूच होती, पण डोळे मिटलेले. ओठ हलत होते. मी आजवर खूप लग्नांत, अंतरपाटामागे उभ्या माणसांचे चेहरे जवळून पाहिलेत. इतकं काही मागणारा चेहरा पाहिला नव्हता.

तो आरवला नाही. तो न बोलताच आला. फुटक्या धोंड्याच्या फटीतून मान काढली, दोन पावलं, थांबला, आणि एकदम उघड्यावर येऊन तांबड्यासमोर उभा राहिला.

मी बटण दाबलं. शेजारी धप्प आवाज झाला. बाबा उठले होते! दोऱ्यानं पाय ओढला आणि ते तोंडावर पडले. रानकोंबड्यानं मान झटकून आमच्याकडे पाहिलं. आता जाणार, मला वाटलं. पण तेवढ्यात तांबड्यानं त्याच्यावर चाल केली आणि अहंकारी तो, जायचं विसरला. दोघे छातीला छाती लावून उडाले, मानेची पिसं छत्रीसारखी उघडली. मी अकरा फोटो काढले. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो वळला आणि कसलीही घाई न करता बांबूमागे गेला.

बाबा तसेच पाचोळ्यात गाल टेकून पडले होते. त्यांना लागलं असेल म्हणून मी वाकलो, तर ते रडत होते. "हाय," म्हणत होते. "हाय रं, हाय." मलाही भरून आलं. आम्ही दोघे बराच वेळ तिथेच बसलो आणि पाय सोडायचा राहूनच गेला.

खाली उतरताना मात्र ते ओहोळापाशी थांबून म्हणाले, "एकटाच आसंल तर? एकटा कोंबडा म्हंजे काय, माज्यासारखा म्हातारा. आज हाय, उद्या नाय. त्यानं रान नाय होत." मी आपला म्हणालो, "असेल, जोडीदारीण असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शहरातली माणसं दिलासा देतात तेव्हा खेड्यातली माणसं पाहतात तसं.

पुन्हा पाड्यात

अकरापैकी एक फोटो असा आला की मी स्वतः काढला यावर माझा विश्वास बसेना. मानेचा एकेक ठिपका वेगळा. मागे फुटका धोंडा, बांबू, खाली पाचोळा. मोठी प्रत काढली. बायकोनं ती हातात घेऊन नवरा मुलगा पारखावा तशी पारखली. "देखणा आहे," म्हणाली. "आता याच्यासाठी मुलगी कुठे बघायची?"

प्राध्यापक मुलीकडे परगावी गेले होते. स्पर्धेला पाठवायला आठवडा होता. म्हणून आधी पाड्यात गेलो, सगळ्या प्रती पाकिटात घालून.

बाबांनी मोठा फोटो दोन्ही हातांनी धरला आणि अंगणात उन्हात गेले. मला वाटलं होतं, कोंबडा बघून ते काहीतरी बोलतील. त्यांची नजर कोंबड्यावरून नुसती सरकून गेली. ते कडा बघत होते, कोपरे बघत होते. कुठल्याही फोटोत आपण माणूस बघतो. हा माणूस मात्र फोटोत शिरून रान शोधत होता. त्यांचा अंगठा बांबूच्या बुडाशी आला आणि थांबला.

"चांगी," त्यांनी हाक मारली. "चांगी, ये गो. ही बग."

मी वाकून पाहिलं. मला पाचोळा दिसला. पांढऱ्या-काळ्या खवल्यांसारखा पाचोळा. मी त्या फोटोवर दोन रात्री काम केलं होतं आणि त्याला पाचोळाच समजलो होतो. बाबांनी नखानं कड दाखवली. ही छाती. ही मान, आखडून घेतलेली. आणि हा डोळा.

"कोंबडी," चांगीबाय म्हणाल्या.

"बसलीय," बाबा म्हणाले. "अंड्यावर बसलीय. नायतर म्होरं येवडी मारामारी, मी पडलो धाडकन, नि ही हलली नाय? उटून पळाली नसती?"

मी पाकिटातले बाकीचे दहा फोटो अंगणात मांडले. कोंबडे उडालेले, पडलेले, वळलेले, प्रत्येकात वेगळे. आणि प्रत्येकात, बांबूच्या बुडाशी, तो एक पाचोळा जागच्या जागी. तसाच डोळा उघडा ठेवून.

बाबा खाली बसले. त्याच बांबूचं बूड, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चांगीबायनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "भाऊ, ह्यो फोटो कुनाला दाखवू नका."

"का?"

"फुटका धोंडा. दहा गावांत कुनालाबी दाखवा, जागा सांगंल."

खरं सांगतो, माझं डोकं सणकलं. तीन महिने, पाच खेपा, अक्षयतृतीयेची लग्नं, बायकांच्या देखत आरवणं. मुंबईला कुणाला कुठला धोंडा कळणार आहे? पण स्पर्धेचे फोटो छापून येतात, आणि छापलेला कागद कुठेही पोचतो, अगदी शेणव्याच्या हॉटेलात भजी बांधायलासुद्धा. मी अंगणातले फोटो गोळा केले, बाबांच्या हातातल्यावर ठेवले. चांगीबायनी ते सगळे फडक्यात बांधून भाताच्या बियाण्याच्या कणगीमागे ठेवले. निगेटिव्ह माझ्याकडे कुलपात आहेत. आजही आहेत, आणि म्हणूनच या हकीकतीतही गावाची नि धोंड्याची खूण मी बदलून लिहिली आहे.

प्राध्यापक परतल्यावर रस्त्यात भेटले. "दिसला का तुमचा रानकोंबडा?"

"दिसला."

"फोटो?"

"नाही आला."

"मला वाटलंच होतं," ते हसून म्हणाले. ते हसू मला अजून टोचतं, खोटं कशाला बोलू?

स्टुडिओत, जिथे स्पर्धेचा फोटो लावायचा म्हणून मी भिंत रिकामी ठेवली होती, तिथे आता तिसऱ्या खेपेचा फोटो फ्रेम करून लावला आहे. उघडी धूसर पाठ, पसरलेले हात, कोपऱ्यात राखी फराटा. धंद्याच्या दृष्टीनं वाईट नमुना, असं बायको म्हणते. परवा एका नवऱ्या मुलाची आई त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे कोण हो? पडताहेत का?"

"नाही. कोंबडा धरताहेत."

"सापडला का मग?"

"सापडला," मी म्हणालो, आणि तिच्या मुलाला मान थोडी वर करायला सांगितली.